थोरल्याची आई

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्या नदीकाठाला धुकं पडायला लागतं. तेव्हापासून होळीपर्यंत माझी बायको हौसा रोज सकाळी ट्रॅक्टरला आंघोळ घालायची. आंघोळ म्हणजे वरून नव्हे. बंबातलं पाणी बादलीत काढायचं, त्यात गार मिसळायचं, तान्ह्या पोराच्या पाण्यात बायका घालतात तसं कोपर बुडवून बघायचं, आणि मग ते कोमट पाणी तांब्या-तांब्यानं रेडिएटरमध्ये सोडायचं. कामावरून आलं की पाणी काढून टाकायचं, सकाळी परत कोमट भरायचं. तेवढा वेळ मी चहाची वाट बघत शेजारी उभा.

"आवं, थोरल्याची आंघोळ हुस्तोवर चा न्हाई," ती सांगायची.

थोरला म्हणजे ट्रॅक्टर. मी फौजेतून सुटून आलो त्या वर्षी तो जुना लाल ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हातून आमच्या घरी आला. मुलगा संजय त्यानंतर दोन वर्षांनी झाला. म्हणून ट्रॅक्टर थोरला आणि संजय धाकटा. पोटचा एकच मुलगा, पण हौसानं त्याला जन्मभर धाकटाच म्हटलं.

एकदा घरोघर माणसं मोजत एक नवे मास्तर आले. नवीन असल्यानं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"मुलं किती, बाई?"

"दोन. धाकटा साळंत गेलाय, थोरला गोठ्यात हाय."

"थोरला काय करतो?"

"नांगरतो, पेरतो, ऊस वाहतो. सकाळी डिझेल पितो."

मास्तरांनी पेन थांबवलं. "सकाळी सकाळी?"

"थंडीत सकाळीच लागतं त्याला."

मास्तर माझ्याकडं असे बघायला लागले, की बापानं पोराला काय ही सवय लावली. मी गोठ्याचं दार उघडून दाखवलं तेव्हा ते हसले. हौसा हसली नाही. तिच्या लेखी तिनं खरं तेच सांगितलं होतं.

मी फौजेत पंधरा वर्षं गाड्या चालवल्या. सातवी नापास असलो तरी इंजिनातलं मला कळतं, असा माझा ताठा. आणि ही बाई शाळेचं तोंड न बघितलेली. डिझेल टाकीत ओतताना जुन्या लुगड्याचं फडकं चौघडी करून त्यातून गाळायची. पाऊण तास जायचा. मी चिडायचो.

"अगं, फौजेत असलं काय करत न्हाईत."

"फौजेत सरकारचं डिझेल असतंय. हितं आपला थोरला हाय."

गावात थंडीच्या दिवसांत सगळे जण जुने ट्रॅक्टर उतारावर लावायचे. सकाळी सेल्फ लागला नाही की चार माणसं बोलवून ढकलायचे. आमचा कधी उतारावर लावावा लागला नाही. पण मी घाईचा माणूस. एकदा बटण दाबून इंजिन उठलं नाही की दाबतच राहायचो. मग ही घरातून ओरडायची, "थांबा की जरा! थंडी भरलेल्या माणसाला हाक मारून उठवत्यात, लाथा घालून न्हाई." मी थांबायचो, ती दहा आकडे मोजायची, मी परत दाबायचो आणि थोरला खोकत खोकत उठायचा.

पारावर लोक विचारायचे, "आबा, एवढ्या थंडीत तुमचा कसा काय चालू हुतो?" मी मिशीवर हात फिरवून सांगायचो, "फौजेतला हात हाय, गड्या." एकदा ती डोक्यावर पाटी घेऊन तिथूनच चालली होती. थांबली आणि म्हणाली, "हात फौजेतला, पाणी माझं." पार हसला. मीही हसलो, पण सांगायचं तेच सांगत राहिलो. वर्षानुवर्षं सांगितलं.

गेल्या भाद्रपदात हौसा गेली. भाजी निवडायला बसली होती, तिथंच कलंडली. दवाखान्यापर्यंत पोचलोच नाही. तिच्याबद्दल लोक येऊन फार चांगलं बोलले.

नदीकाठच्या एकरात दर वर्षी घरचा गहू असतो. त्याचं बी तिनं उन्हाळ्यातच निवडून, कडुलिंबाचा पाला घालून पिंपात ठेवलं होतं. संजय मलकापुरात राहतो. तो म्हणाला, "आबा, भाड्याचा ट्रॅक्टर सांगतो. तासाभरात पेरून जाईल. तुमाला ह्या वयात कशाला ताप?"

"तिचं बी हाय. थोरलाच पेरणार," मी म्हणालो. दुसरं काही मला नको होतं.

परतीचा पाऊस उशिरापर्यंत राहिला, मग रान वाफशावर आलं. वाफसा म्हणजे माती पायाला चिकटत नाही आणि कोरडीही नाही, असे चार-सहा दिवस. ते गेले की पेरणी लांबली. त्या सकाळी थंडी चांगलीच होती. मी बंब पेटवला, पाणी उकळलं. बादली भरली आणि तशीच्या तशी रेडिएटरमध्ये रिकामी केली. गार मिसळायचं असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कितीतरी वर्षं शेजारी उभा राहून बघितलं होतं. पण बघणारा मी आणि करणारी ती.

आतून टण्णकन आवाज आला. मी तरीही बटण दाबत राहिलो. इंजिन उठेना. पट्टी ओढून ऑइल बघितलं तर ताकासारखं पांढरं. पाणी ऑइलात उतरलं होतं. गार लोखंडावर उकळतं पाणी पडून हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तडकलं होतं.

संजयला फोन केला आणि खोटं सांगितलं. "हेड गेलं. जुनंच झालं हुतं."

तो कराडहून मुनीर मिस्त्रींना घेऊन आला. वाटेत त्याचं ठरलंच होतं. मिस्त्री नाही म्हणाले की ट्रॅक्टर भंगारात. मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. आमचा ट्रॅक्टर त्यांनी पहिल्यांदाच उघडला. हेड काढून अंगणात पोत्यावर ठेवलं, चिरेवरून नख फिरवलं.

"आबा, हे जुनं हून गेलेलं न्हाई. ह्यात उकळतं पाणी कुणी वतलं?"



त्यांनी डिझेलचा पंप खोलला, आतली नळकांडी चाचपून बघितली. संजयला म्हणाले, "हे बघा सायेब. एवढ्या जुन्या गाडीचा पंप आतनं आरशासारखा. गाळ न्हाई, गंज न्हाई. मी एवढ्या गाड्या उघडल्या, अशी निगा कुठं बघितली न्हाई. मग एवढी वर्षं जपणारा माणूस एका सकाळी असं कसं करंल, आबा?"

"जपणारं माणूस वेगळं हुतं," मी म्हणालो. "संजयची आई. पाणी मी वतलं. उकळतं. मी तिला एवढी वर्षं फक्त बघत हुतो."

संजय खाली बसला. मिस्त्रींनी पान्याचा हात फडक्याला पुसला. विचारलं, "कवा गेल्या?"

"भाद्रपदात."

"मग हेड वेल्डिंगला आजच टाकतो," ते म्हणाले. भंगाराचं नाव कुणी काढलं नाही.

हेड चौथ्या दिवशी आलं. पॅकिंग नवं, ऑइल नवं. मिस्त्रींनी सगळं बसवलं आणि बाजूला सरले. "तुमी लावा." मी एकदा दाबलं. उठलं नाही. संजय माझ्यामागं उभा होता. तो मोठ्यानं आकडे मोजायला लागला. दहाला मी परत दाबलं. धूर निघाला, अंगण भरलं, आणि थोरला उठला. संजय धुरात उभा राहून डोळे पुसत होता. मी त्याला विचारलं नाही की धुरानं की कशानं.

वाफसा जेमतेम उरला होता. त्याच दिवशी गहू पेरला. संजय बांधावर पोती बघत होता, मी स्टिअरिंगवर.

आता गहू वीतभर झालाय. सगळं रान हिरवं आहे, फक्त मधून एक ओळ या बांधापासून त्या बांधापर्यंत मोकळी. त्या फेरीत पेरणीयंत्राची एक नळी मातीनं तुंबली होती. पूर्वी यंत्रामागं हौसा चालायची. नळीतून बी पडायचं थांबलं की हाक मारायची, मी ट्रॅक्टर थांबवायचो. यंदा मी सरळ पुढं बघत गेलो.

संजय म्हणतो, "आबा, हातानं बी टोका, भरून निघंल." मी टोकलं नाही. बांधावरून जाणारे विचारतात, "आबा, ती ओळ मोकळी का ठिवली?"

"ठिवली न्हाई," मी सांगतो. "मागं चालणारं कोण नव्हतं."