ज्वालामुखीच्या काठावरून "पोचले"

गारगोटीच्या स्टँडवर एसटी सुटेपर्यंत आई खिडकीखाली उभी होती. चौदा वर्षं झाली त्याला. महेश, माझा नवरा, लग्नानंतर आधीच दुबईला परतला होता आणि मी मागून एकटी निघाले होते. आई रडली नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "पोचलीस की कळव." कोल्हापुरात उतरले, कळवलं. मुंबईत उतरले, कळवलं. तेव्हापासून हाताला सवयच लागली. कुठंही पोचले की आधी आईला एक शब्द जातो: पोचले.

तुमच्यापैकी जे बाहेर आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्या रजेला एकच दिशा असते. बाबा गेल्यावर आई एकटी पडली, मग तर माझा दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. सासरी चार दिवस, बाकी सगळी रजा गारगोटीला.

यंदा मात्र दुबईतल्या अल बर्शा भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या चार मराठी घरांनी ईदच्या सुट्टीला जोडून जावा बेटावर जायचं ठरवलं. ज्वालामुखीवरचा सूर्योदय आणि तिथून जवळचा धबधबा. आमची दहा वर्षांची इरा मागेच लागली, "एव्हरी इयर गारगोटी, आई! जस्ट वन्स!" मी हो म्हटलं, आणि आईला सांगितलं की यंदा रजा मंजूर झाली नाही. इतक्या सराईतपणे खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं. आई म्हणाली, "असू दे गं, नोकरी आहे शेवटी." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तर पहाटेच्या अंधारात आम्ही जीपमधून डोंगर चढत होतो. दुबईत गरम कपडे कुणाकडे असणार? सगळ्यांच्या अंगावर भाड्याची जाकिटं, त्यांना कुणाकुणाच्या घामाचा वास. सहलीचे म्होरके सावंत भाऊजी. त्यांचा दुबईच्या करामा भागात जेवणाच्या डब्यांचा धंदा आहे, त्यामुळे माणसं वेळेत हलवायची त्यांना सवय. "यल्ला यल्ला, चला! सूर्य काय आपल्यासाठी थांबतलो? इन्शाल्ला ढग नसतले!"

ढग नव्हते. समोर धुक्याने भरलेली मोठी परात, तिच्यात मधोमध धुरकट तोंडाचा डोंगर, आणि हवेत गंधकाचा वास. दुबईत आपण वर्षातले आठ महिने सूर्यापासून लपतो, आणि इथं त्याच्यासाठी कुडकुडत उभे होतो. मी हातमोजा काढून फोटोसाठी फोन घेतला, आणि अंगठ्याने आपणहून काम उरकलं. आईला "पोचले" गेलंसुद्धा.

मी घाईने मेसेज उघडला. पुसावं, तर पुसलेला मेसेज बघून ती आणखी घाबरणार. तेवढ्यात आकाश तांबडं झालं, सगळे ओरडले, आणि मला मात्र त्या डोंगरातही गारगोटीचा स्टँडच दिसत होता. इरा म्हणाली, "आई, आर यू क्राइंग? इट्स ओन्ली द सन!"

धबधब्याच्या वाटेवर फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालत होते, तेव्हा तो वाजला.

"कुठं पोचलीस गं?"

आणखी एक खोटं तोंडात तयार होतं. पण चौदा वर्षं त्या शब्दावर आईने डोळे झाकून विश्वास ठेवला होता. मी सांगून टाकलं. "आई, मी जावा बेटावर आहे. फिरायला आलोय. रजा मिळाली होती."

आईने ऐकून घेतलं. मग, "थंडी आहे का तिथं? कान बांधलेस?"

"पहाटे बांधले होते," मी म्हटलं.

"बरं, आता तू सांगितलंस तर मीही सांगते," आई म्हणाली. "भजनी मंडळाच्या बायका दरवर्षी कुठंतरी जातात. तुझ्या रजेचा नेम नसतो, म्हणून मी दरवर्षी नको म्हणायची. तू यायचीस आणि दाराला कुलूप, असं नको. यंदा तू येणार नाहीस म्हटल्यावर त्याच संध्याकाळी नाव दिलं. हंपीला चाललोय, रविवारी रात्री. तुला सांगायचीच लाज वाटत होती बघ."

मी हसत सुटले, तीही. मग पिशवी छातीशी धरून धबधब्याच्या धारांखालून चालत गेले. मनसोक्त रडून घेतलं. सगळेच ओलेचिंब होते, कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं मी तिच्यासाठी रजा राखून ठेवत होते आणि ती माझ्यासाठी घर. दोघींनी एकमेकींना विचारलंच नव्हतं. गारगोटीला मी जाणारच आहे, दिवाळीत. पण आता तारीख आधी कळवून.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघाले होते. मेट्रोत फोन किणकिणला. आईचा मेसेज, एकच शब्द: पोचले.

गारगोटीच्या घराला कुलूप होतं, आणि मला पोरकं वाटलं नाही. मी लगेच लिहिलं, "ऊन असेल. डोक्यावर पदर घे."