ताईंनी रद्द केलेले ठिपके

"परत बग." ताईंचा दिवस या दोन शब्दांनी सुरू व्हायचा. म्हणता म्हणता चष्मा कपाळावर जायचा आणि नाक फिल्मला टेकायचं.

बोईसरला आमच्या छोट्या तपासणी केंद्रात त्या टाक्यांच्या वेल्डिंगचे एक्स-रे वाचायच्या. जोडात बारीकसा जरी डाग दिसला, तरी जोड रद्द. कारखान्याचा माणूस गयावया करायचा, "मॅडम, कुछ नहीं है, धूल होगी." ताई त्याला चहा पाजायच्या आणि जोड कापायला लावायच्या. तीस वर्षं त्यांनी असे शिव्याशाप गोळा केले.

अशा बाईला आभाळाच्या एक्स-रेचं वेड लागलं. लावलं मीच. अवकाशात फिरणारी दुर्बीण दूरच्या ताऱ्यांकडून येणारे एक्स-रे टिपते. संगणक प्रत्येक ठिपका यादीत घेतो, पण त्यातले काही नुसती यंत्राची खोड असतात. ते कुणीतरी डोळ्यांनी बघून गाळावे लागतात. घरबसल्या हे काम करणाऱ्या हौशी लोकांत मी ताईंचं नाव घातलं. मग जेवणाच्या सुट्टीत एका हातात घास, दुसऱ्या हातात माउस.

चार महिन्यांनी एका दुपारी त्या ताडकन उठल्या. "अरे, घात केला मी! अंधुक दिसला का रद्द, अंधुक दिसला का रद्द. वेल्डिंगसारखं! इथं तर तो डागच शोधायचा हाय."

मी हसलो. तुम्हीही हसला असता. ताई हसल्या नाहीत.

यादी बंद व्हायला आठ दिवस होते. माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेऊन त्यांनी रद्द केलेली सगळी चित्रं परत मागवली. तेव्हापासून त्यांचा पाय एका जागी ठरेना. दहा चित्रं बघायच्या, खिडकीशी जायच्या, परत यायच्या. डबा तसाच घरी जायचा.

"ताई, तुम्ही नाही म्हटलं म्हणून तारा विझतो का?"

"विजत नाय रे. पण मग तिकडं परत कोण बगणार नाय."

मी पुढची दहा चित्रं उघडून ठेवली.

शेवटच्या दिवशी एकच ठिपका उरला. ताईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं. "माजे डोळे थकले. खरं सांग, हाय का नाय?"

मला काहीच दिसत नव्हतं. पण आठवडाभर त्या धड जेवल्या नव्हत्या, आणि मला त्यांची ही तगमग बघवत नव्हती. मी म्हणालो, "आहे."

त्यांनी तो ठिपका परत यादीत घेतला, डबा उघडला आणि अर्धं बोंबलाचं कालवण माझ्या पोळीवर ओतलं.

यादी जाहीर झाली तेव्हा ताई नव्हत्या. एडवणला, राहत्या घरी, झोपेतच गेल्या. त्यांच्या ठिपक्याची ओळ यादीत आहे, आकाशातल्या पत्त्यासकट. मी अधूनमधून ते चित्र उघडतो, मोठं करतो, दिवा मालवून बघतो, चष्मा काढून बघतो.

ताई, मला अजून दिसलेला नाही.