वीस घरांचा एक पत्ता

रोमानियातल्या ब्राइला शहरात, आमच्या जिन्यावरच्या वीस घरांत पांतेलिमोनला कोणी वाईट म्हणत नसे आणि कोणी घरातही घेत नसे. नव्वद सालानंतर गच्चीवरून गच्चीवर तारा टाकून इंटरनेट आणलं ते त्यानेच. पण त्याची आई पूर्वी, कम्युनिस्ट राजवटीत, इमारतीची वही ठेवायची. कोणाकडे पाहुणा मुक्कामाला आला की नाव वहीत आणि वही पोलीस ठाण्यात. त्या वहीपायी माझ्या मेव्हण्याची गोदीतली नोकरी गेली. दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही. पांतेलिमोनने मात्र आपल्या तारांची नोंद कधीच ठेवली नाही. आईची लाज वाटत असावी.

आता साठीत तो दारोदार फिरत होता. "इंटरनेटचे जुने पत्ते संपलेत. आपण वीस घरं एकाच पत्त्यामागे दाटीने बसलोय. नव्या पद्धतीत ज्याचा त्याला मिळेल."

"आणि कुठला पत्ता कोणाचा, हे लिहून कोण ठेवणार?" मी विचारलं.

"मीच."

"म्हणजे आईचा धंदा पुढे चालवणार तर."

तो पुढच्या दाराकडे वळला. कोपऱ्यावरचा दुकानदार झाहारियाही नव्या पद्धतीला लागणारे राउटरचे डबे मागवेना. "कोणी मागत नाही, मी कशाला भरू?" म्हणायचा. लोक म्हणायचे, दुकानातच नाहीत तर मागायचे कशाला?

त्यातच आमच्या त्या एका पत्त्यावरून कोणीतरी महापौराला जिवे मारायची धमकी पाठवली. पोलिसांनी आमच्याच जिन्यावरच्या शिक्षिका स्मारांदाबाईंचा संगणक उचलला, कारण महापौराकडे गटारांच्या तक्रारी त्याच करायच्या. त्यात काही सापडलं नाही, तरी शाळेने त्यांना घरी बसवलं. धमकी कुठल्या घरातून गेली, हे पांतेलिमोनला सांगता येईना. त्याने काही लिहिलंच नव्हतं.

जिन्यातल्या बैठकीत नव्या पत्त्यांसाठी पहिली सही बाईंनी केली. "ज्याला लपायचंय त्याने करू नये," म्हणाल्या, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

पाच मिनिटांत सगळ्यांच्या सह्या झाल्या. मीही केली, शेजाऱ्यांच्या हातांवर नजर ठेवून. माझी मलाच शिसारी आली. झाहारियाने दुसऱ्याच दिवशी डबे मागवले.

"जिंकलास की रे," मी पांतेलिमोनला म्हटलं.

"कसला जिंकलो? वीसच्या वीस सह्या आल्या. म्हणजे धमकी लिहिणाऱ्याचीही आली. आणि बाई अजून घरीच आहेत."