कोमलच्या कळा

मी आशा वर्कर आहे. गरोदर बाया, तान्ही पोरं, लसीकरण... यातच दिवस जातो. करणी, बाहेरची बाधा असलं काही बोलणाऱ्यांना मीच दामटून दवाखान्यात नेते. म्हणून हे लिहायला इतका वेळ लागला. नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसंच.

येडगाव धरणाच्या पाण्याला लागून माझ्याकडची एक वस्ती आहे. थोडीच घरं, मध्ये ऊस. तिथल्या हौसाबाईंची सून सविता. आंबेगावकडची, अगदी हळू बोलायची. शेवटच्या महिन्यात तिचं बीपी वाढलं, पाय सुजले. प्रत्येक भेटीत मी सांगायचे, हिला ॲडमिट करा. हौसाबाई म्हणायच्या, "आमी कांद्याच्या वावरात बाळंत झालो. ह्यांचीच लई नाटकं."

कळा सुरू झाल्या तेव्हा सविताचा नवरा संतोष बेल्ह्याच्या बाजाराला गेला होता. शेजारणीने मला बोलावलं. मी अंगणातूनच ॲम्ब्युलन्सला फोन केला. आत सविता खाटेचा दांडा धरून सासूला विनवत होती, "आत्या, गाडी बोलवा... पाया पडते."

गाडी आली. हौसाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हितं कोन आजारी न्हाई. जावा माघारी."

मी भांडले, रडले. घरचेच नको म्हणतात म्हटल्यावर गाडी गेली. संध्याकाळी संतोषने तिला पिकअपमध्ये घातलं, पण ती रस्त्यातच गेली. बाळ पोटातच. मी वरपर्यंत तक्रार केली. काही झालं नाही.

पुढे संतोषने दुसरं लग्न केलं. नव्या सुनेला, कोमलला, दिवस गेले आणि मला पुन्हा त्या घराची पायरी चढावी लागली. हौसाबाईंशी मी कामापुरतंही बोलत नव्हते. त्यांच्या घरचं पाणीसुद्धा घेत नव्हते.

नववा महिना. एका सकाळी कोमल ओट्यावर गवार मोडत बसली होती. पोटाला हात लावला, तर दगडासारखं कडक!

"दुखतंय का गं?"

"नाय ताई. कायच नाय."

तेवढ्यात अंगणाकडेच्या, कांदे साठवायच्या चाळीतून हौसाबाईंची किंकाळी आली. पोट धरून, वाकत वाकत त्या ओट्यापर्यंत आल्या. कोमलचं पोट सैल पडलं — त्या शांत. पुन्हा कडक झालं — पुन्हा किंकाळी. माझा हात कोमलच्या पोटावर आणि नजर हौसाबाईंवर. कोमल घाबरून बघत होती, पण तिला दुखत नव्हतं.

मी गाडीला फोन लावला. हौसाबाईंनी ओट्यावर टाकलेल्या खाटेचा दांडा धरला आणि म्हणाल्या... "आत्या, गाडी बोलवा... पाया पडते."

आवाज सविताचा होता. तोच, हळू.

गाडी आली. कोमल स्वतः चालत जाऊन बसली. हौसाबाई मागून रांगत आल्या, आता स्वतःच्या आवाजात, "ताई, मला बी न्या वो..."

"पेशंट ही आहे," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं. वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

कोमलला मुलगी झाली. शेवटपर्यंत तिच्या तोंडून हूं की चूं नाही, डॉक्टरही चक्रावले. शेजारीण सांगते, इकडे हौसाबाई दुपारपर्यंत ओरडत होत्या, मग एकदम गप्प झाल्या.

पण ते तिथं थांबलं नाही. आता वस्तीत कोणाही बाईला कळा लागल्या की हौसाबाईंना लागतात. त्या बाईचं बाळंतपण निभावून जातं, ह्या पिळून निघतात. सोनोग्राफीत काही निघत नाही. संतोषने देवऋषी केले, लेण्याद्रीला नेऊन आणलं. काही फरक नाही.

परवा भेटीला गेले, तर त्यांनी माझा पदर धरला. "ताई, हे थांबंल का कधी?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नाही. हे काय आहे, कोण करतंय, मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात वस्तीत दोघींच्या तारखा आहेत. तेवढं मात्र मी त्यांना सांगून आले.