आत्यांची मिसरी आणि माझं गप्प बसणं

आज सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आत्यांच्या, हिरडीचे टाके काढायला गेलो होतो. दातावरून सरकलेल्या हिरडीवर त्यांच्याच तोंडातल्या टाळूची कातडी लावली होती. ती धरलीच नाही.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “आजी, तंबाखूची मिसरी लावली तर हे जुळून येत नाही. लावता का?”

“न्हाय की!” आत्या म्हणाल्या.

ऑपरेशनआधीही हेच म्हणाल्या होत्या. मोरीतली मिसरीची डबी मला वीस वर्षं माहीत आहे. सुनेनं चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून तेव्हा गप्प बसले. आजही बसले.

“मग पुन्हा टाळूची कातडी काढावी लागेल,” डॉक्टर म्हणाले.

रिक्षात आत्या हळूच म्हणाल्या, “तुला ठावं हुतं की. मग बोलली का न्हाईस गं?”

डॉक्टरांना फोन करून मिसरीचं अजून सांगितलेलं नाही. मी आत्यांचा मान राखतेय, की स्वतःवर येणारा वाईटपणा टाळतेय? तुम्हाला काय वाटतं?