चंद्रभागेचे सातभाई

गिरणारे गावाच्या पुढे, द्राक्षबागा संपून डोंगर सुरू होतात तिथे, बागाईतदार धनराजच्या बागेला लागून चंद्रभागेच्या दोन पत्र्याच्या खोल्या आहेत. मागे परसदार म्हणावं एवढी मोकळी जागा, तिच्यात एक शेवगा, एक धुण्याचा दगड आणि कडेने तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे लगेच द्राक्षांची पहिली ओळ. थंडीतल्या सकाळी या परसदारी रोज पंगत बसायची, आणि तिला आमंत्रण लागायचं नाही. चंद्रभागा भाकरी कुस्करत बाहेर आली की बांधावरून, बाभळीवरून, शेवग्यावरून पाखरं खाली उतरायची.

गंमत अशी की याच पाखरांना हाकलण्यावर तिच्या नवऱ्याने, गेणूने, बावीस हिवाळे पोट भरलं. दोघं पेठच्या डोंगरातून मजुरीला उतरली आणि इथलीच झाली. मण्यांत गोडी भरायला लागली की गेणू बागेतल्या राखणीच्या माळ्यावर चढायचा, गोफण फिरवायचा, पत्र्याचा डबा बडवायचा, घसा फुटेस्तोवर आरोळ्या ठोकायचा. आणि इकडे त्याची बायको त्याच पाखरांना जेवायला घालायची. वस्तीवरचे लोक चिडवायचे, "गेणूबाबा, तुमच्या घरात काय एकमत नाय बुवा!"

"पोट भरलेलं पाखरू बागंत कशाला येईल?" गेणू म्हणायचा. "अर्धी राखण तिचीच हाय."

खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक. पण त्याच्या गोफणीचा दगड नेहमी पाखराच्या डोक्यावरून जायचा, अंगावर कधीच नाही. त्याचा नेम चुकतो असं लोकांना वाटायचं आणि तो ते वाटू द्यायचा.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याला ताप भरला आणि चार दिवसांत माणूस संपला. मुलगा सुनील अंबडला कंपनीत. तो दर रविवारी फोन करून म्हणायचा, "आई, इकडे ये. एकटी काय करतेस तिथं?"

"मी आल्यावर यांना कोन घालंल?" ती विचारायची.

सुनीलला राग यायचा, आणि का येऊ नये? पोटच्या पोराच्या आधी पाखरांची काळजी. पण तिचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. गेणू गेल्यापासून दिवस मावळला की तिच्याशी बोलायला कुणी नसायचं. सकाळी निदान आठ जण असायचे.

हे आठ जण म्हणजे सातभाई. नाव सात, टोळी आठांची. मळकट, विस्कटलेली, रूपाने अगदीच बेतास बात. साळुंक्या, बुलबुल खाऊन उडून जात. हे मात्र पायात येत, चपलेवर चोच मारत, आपसात कडाकडा भांडत आणि भांडण संपलं की अंगाला अंग लावून धुण्याच्या दगडावर बसत. चंद्रभागा त्यांना 'पोरं' म्हणायची. गेणूच्या सुतकात कुणी आलं नाही आलं, पोरं मात्र रोज आली, हे तिने सुनीललाही ऐकवलं होतं. ऐकवायला नको होतं.

गेणूनंतर धनराजला तसा राखण्या मिळाला नाही. हल्ली माळ्यावर दिवसभर कोण बसतो? यंदा त्याने सगळ्या बागेवर जाळी ओढली, वरून आणि चारही बाजूंनी. पांढरी, बारीक, उन्हात दिसायचीसुद्धा नाही. माल परदेशात जायचा होता; चोच मारलेला एक घड निघाला तरी सगळी पेटी बाद. धनराज वाईट माणूस नव्हता. गेणूला दवाखान्यात न्यायला त्यानेच गाडी काढली होती.

जानेवारीत थंडी कडाडली. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटायला लागल्या. गवतातले किडे नाहीसे झाले तशी परसदारची पंगत वाढली. एका सकाळी भाकरी खाता खाता टोळी कशाला तरी दचकली आणि नेहमीसारखी कुंपणावरून बुटकी उडी मारून बागेकडे निघाली. पहिला सातभाई जाळीत अडकला आणि ओरडायला लागला.

दुसरं एखादं पाखरू असतं तर बाकीची पळून गेली असती. सातभाई पळत नाहीत. एकावर संकट आलं की सगळे त्याच्याकडे धावतात. तसेच ते धावले, आणि एकामागून एक अडकत गेले. चंद्रभागा विळा घेऊन पोचेपर्यंत तिघांच्या गळ्याला दोरा आवळला होता. उरलेल्या पाचांना तिने जाळी कापून सोडवलं. मेलेल्या तिघांना पदरात घेऊन ती कितीतरी वेळ तिथेच बसली. अजून ऊन होती तिघं.

कापलेली जाळी बघायला धनराज आला. 

"मावशी, रागावू नको," तो म्हणाला. "मी सगळ्या बागेला फेरी मारून आलो. बाकी तिन्ही बाजूंना मिळून दोन बुलबुल. बाकी सगळी मेलेली पाखरं हितं, तुझ्या कुंपनाला."

"म्हंजी?"

"तू घालती म्हनून ती येत्यात. न् उडाली का जाळीत जात्यात."

चंद्रभागेला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "भाऊ, येवढी एक बाजू काढा ना. येवढीच."

"माल जाईस्तोवर नाय काढता येनार. दीड महिना." त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने मागचं दार उघडलं नाही. तीन दिवस आत चुलीपाशी बसून राहिली. पाखरं रोजच्या वेळेला आली, दगडावर बसून राहिली, दारावर टोचा मारून गेली. खायला काही मिळेना तशी उपाशीपोटी जाळीलाच लोंबकळून मण्यांना चोची मारायला लागली. तीन दिवसांत चार साळुंक्या मेल्या. म्हणजे घातलं तरी मरण, नाही घातलं तरी मरणच. त्यांना वाचवायचं तर एकच वाट होती, त्यांनी इथे येताच कामा नये.

चौथ्या सकाळी चंद्रभागा डबा बडवत बाहेर आली. आवाज ऐकून पाचही सातभाई लगबगीने खाली उतरले. या घरातून सकाळी आवाज आला की जेवण येतं, एवढंच त्यांना माहीत. ती गेणूसारखी ओरडली. ते तिच्या पायाशी आले. तिने खडे उचलले आणि गेणूच्या रीतीने डोक्यावरून फेकले. तर पाचही जण खड्यांमागे धावले. एकाने खडा चोचीत धरून पाहिला, टाकला, आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं.

तिच्या हातून पडतं ते खायचं असतं, हे तिनेच त्यांना शिकवलं होतं. चंद्रभागा मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. नवरा गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती, तेव्हा माणसं होती भोवती.

मग ती उठली. चांगला मुठीएवढा दगड घेतला आणि या वेळी डोक्यावरून फेकला नाही.

दगड एकाच्या पंखावर बसला. तो कोलमडला. बाकीचे चौघे उडाले नाहीत, अर्थातच नाहीत. त्याच्याभोवती गोळा होऊन त्यांनी आकांत मांडला. चंद्रभागा दोन्ही हात उगारून त्यांच्या अंगावर धावली. "जा ना रे! जा! मरायला येता का हितं?" तेव्हा कुठे ते उडाले, बागेकडे नव्हे, डोंगराकडे. मागून तो पाचवा, पंख फरपटत, घाणेरीच्या झुडपात शिरला.

दुपारभर ती वाटीत पाणी घेऊन घाणेरीत शोधत फिरली. हातापायांना ओरखडे आले, पाखरू सापडलं नाही. साळुंक्या-बुलबुल डब्याच्या आवाजानेच पांगले होते; त्यानंतर परसदारी कुणी आलं नाही. पंधरा दिवसांनी धनराज मुद्दाम सांगायला आला, "मावशी, येक पन पाखरू अडकलं नाय. वाचवलं बघ तू त्यांना." ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

फेब्रुवारी लागला. एका दुपारी ती दोरीवर वाळत घातलेली गोधडी काढायला मागे गेली. तिने हात वर केला, आणि बांधावरच्या बाभळीतून एकदम कालवा उठला. सातभाईंचाच, पण रोजची कलकल नव्हे. मांजर किंवा साप दिसला की ते एकमेकांना सावध करायला ओरडतात, तो. इतकी वर्षं हा आवाज कानावर आला की चंद्रभागा हातातलं काम टाकून धावायची.

तिने वर पाहिलं आणि तिचा जीव हरखला. फांदीवर पाच होते. पाचही! एकाचा पंख लोंबत होता, पण तो होता.

"आले रे पोरांनो, आले," म्हणत तिने काठी उचलली. पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, शेवग्याच्या बुंध्याशी पाहिलं, दगडाखाली काठी घालून पाहिली. मांजर नव्हतं. साप नव्हता. ती फिरेल तसा वरचा आकांत वाढत होता. शेवटी ती थांबली आणि पुन्हा वर बघितलं. पाचही जण माना ताणून तिच्याकडे बघूनच ओरडत होते.