तीन शिटा मोकळ्या

साल दोन हजार चोवीस. मला त्रेसष्टावं लागलं होतं. शाळा तिसरीपर्यंत. वाचता येतं, पण अक्षर मोठं लागतं आणि मागे कुणी घाई करणारं नसावं लागतं. हे लिहायला मला दोन महिने लागले, पण कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.

पलूस ते सांगली मी तीस वर्षं वडापची जीप चालवली. जीप भरल्याशिवाय हलवायची नाही, आणि भरली तरी वाटेत हात दिसला की थांबायचं, हा वडापचा धर्म. "सरका, अजून एक बसतंय," हे वाक्य मी जेवढ्या वेळा बोललो तेवढ्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. पुढे जीप भंगारात गेली आणि मी घरी बसलो.

त्या वर्षी पुण्याच्या कारखान्यात असलेल्या पोराने पिवळ्या पाटीची पांढरी गाडी घेतली. सांगलीत मोबाइलवरून गाडी बोलवायची सोय झाली होती, तिच्यात ती लावायची. फोनवर म्हणाला, "आबा, एक ड्रायव्हर बघून ठिवा."

"ड्रायव्हर कशाला? मी मेलोय काय?"

"आवं, ह्यात समदं मोबाइलवर असतंय. वाचाय लागतंय."

"मी दुसऱ्याला चावी देत न्हाई."

शेवटी तो म्हणाला, "बरं, एक महिना चालवा. कंपनीनं तुमाला बंद केलं तर चावी दुसऱ्याकडं. मग रुसायचं न्हाई."

"मी कवा रुसलो रं?" असं म्हणालो आणि दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही.

मला वाटलं होतं, गाडी चालवता आली की झालं. पण चालवणं सगळ्यात शेवटी येतं. लायसनची मुदत कधीच गेली होती, म्हणून पुन्हा परीक्षा. साहेब म्हणाले, उजवीकडे वळा. मी खिडकीतून हात बाहेर काढून दाखवला आणि वळलो. साहेब म्हणाले, "आजोबा, गाडीला इंडिकेटर आहे." मी म्हणालो, "हाताचा बल्ब जात न्हाई साहेब." ते हसले, पण मला पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. तेव्हा मी प्रत्येक वळणाला इंडिकेटर लावला, आणि हातही काढला. पास केलं.

मग डॉक्टर. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता. मला खालची ओळ लख्ख दिसत होती, पण अक्षराचं नाव कुणाला ठाऊक? मी एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "नजर घारीची हाय तुमची." हे मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, दोनदा.

पोलिसांकडचा दाखला आणायला गेलो तर तिथला हवालदार माझ्याकडे टक लावून बघायला लागला. मला वाटलं, जुना दंड निघाला. तो म्हणाला, "आवं मामा, कॉलेजला तुमच्या जीपला मागं लोंबकळून जायचो मी." दाखला लवकर मिळाला.

राहिला मोबाइल. तो शिकवला गावी आमच्याजवळच राहणाऱ्या सुनेने. ती खंडाळ्याची, बारावी झालेली, बोलायला फटकळ. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी फोनला तोंड दाखवायचं असतं, तेही टोपी काढून. टोपी काढून मी कुणापुढे उभा राहिलेला नाही. सून म्हणाली, "मामा, फोन हाय त्यो, पाहुणा न्हाई. काढा." काढली.

गिऱ्हाइकाने चार आकडे सांगायचे, ते दाबायचे, मग बाण दाखवेल तिकडे जायचं, शेवटी गिऱ्हाईक चांदण्या देतं. पाच चांदण्या म्हणजे पैकीच्या पैकी. एवढं मी चार दिवसांत शिकलो.

चालवताना मात्र जीव घाबरा व्हायचा, तो मोकळ्या शिटांनी. एक माणूस मागे बसतो आणि तीन शिटा मोकळ्या पळतात! जेवणाचं भरलं ताट उकिरड्यावर टाकल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी तर गिऱ्हाईक आत बसलेलं असताना मी काच खाली करून "पलूस, पलूस, पलूस" असा पुकारा केला. गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "काका, मला विश्रामबागला जायचंय."

सतराव्या दिवशी एका बँकेतल्या बाईंना घेऊन निघालो. वाटेत एक म्हातारी डोक्यावर गुळाची ढेप घेऊन उभी. हात झाला, ब्रेक लागला. डोक्याला विचारायची पाळीच आली नाही. म्हातारी पुढे बसली, ढेप मागे बाईंच्या शेजारी. बाई दाराकडे सरकून बसल्या. उतरल्या आणि एक चांदणी देऊन गेल्या.

संध्याकाळी सुनेने फोनवर आलेलं वाचून दाखवलं. वाटेत परका माणूस घेतला अशी तक्रार होती. पुन्हा तक्रार आली तर चालकाला कायमचं बंद करण्यात येईल.

"ती म्हातारी उनात हुती," मी म्हणालो.

"आवं मामा, त्या बाईनं अख्खी गाडी घेतल्याली. तुमच्या घरात कुणी इचारल्याबिगार पाव्हणा आणून बसवला तर चालंल का?"

"शिटा मोकळ्या हुत्या की!"

"मोकळ्या शिटांचंबी पैसं तिनंच दिल्यात."

हे मला पटलं, पण मी पटलं म्हणालो नाही. महिना संपायला तेरा दिवस उरले होते. पोराने पलूसमधला एक ड्रायव्हर बघूनही ठेवला होता, हे बायकोकडून कळलं. त्या रात्री ठरवलं, गिऱ्हाईक गाडीत असताना रस्त्यावर कुणीही उभं असू दे, पाय ब्रेकवर जाणार नाही.

बारा दिवस पाळलं. ओळखीच्या माणसांनी हात केले, मी समोर बघत गेलो. गावात झालं, म्हातारा माजला.

शेवटच्या दिवशी सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीचे एक व्यापारी बसले. माझ्याच वयाचे, साताऱ्याला लेकीकडे निघालेले. पलूस, कराड करून जायचं ठरलं. भिलवडी स्टेशनच्या फाट्यावर एक बाई पिशवी घेऊन एकटीच उभी होती. हिरवं लुगडं ओळखीचं वाटलं. बहिणीकडे गेलेली माझी बायको. तिने आपली गाडी ओळखली, हसली आणि हात केला.

मी गेलो निघून.

आरशात बघितलं तर हात अजून वरच.

व्यापारी म्हणाले, "ड्रायव्हर, ती बाई तुमच्या ओळखीची काय?"

"व्हय शेठ. बायको हाय माझी."

"आन थांबला न्हाई?"

"गाडी तुमची हाय. तक्रार आली तर मी कायमचा बंद."

ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "गाडी माझी न्हवं? मग मागं घ्या. आता न्हाई घेतली तर मी तक्रार करतो."

दोनदा विचारून खात्री केली आणि गाडी मागे घेतली. शेठनी स्वतः दार उघडलं. पण ही बसेना. "नगं आमाला. यष्टी येतीया," म्हणाली आणि तोंड फिरवलं. शेठ उतरून म्हणाले, "वहिनी, त्यांची नोकरी तुमच्या हातात हाय. बसा." तेव्हा बसली. पलूसपर्यंत शेठशी हळदीच्या भावावर बोलली, माझ्याशी अक्षर नाही.

रात्री सुनेने फोन उघडला. पाच चांदण्या, आणि खाली लिहिलेलं: 'चालक नियमाचा पक्का, बायकोलाही सोडत नाही.' तिने ते पोराला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आबा, चावी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." बायको तेवढी आतून म्हणाली, "द्या, द्या. आमी हाय चालत जायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइल सुरू केला नाही. गाडी पुसली, मागचं दार उघडलं आणि बायकोला म्हणालो, "बस. भणीकडं परत एकदा जाऊन येऊ, ह्या खेपेला गाडीनं. आज अख्खी गाडी तुझी." ती मागे ऐसपैस बसली. गाव ओलांडलं तशी रस्त्याकडेला दोन बायका पाट्या घेऊन उभ्या दिसल्या. त्यांनी हात केला. मी समोर बघत निघालो, तर मागून आवाज आला, "आवं, थांबा की! तीन शिटा मोकळ्या हायत."

गाडी तिची होती. मी थांबलो, आणि पाट्या डिकीत ठेवल्या.